ताल्माला एकदा बोलू द्यायचं होतं

फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या डोळ्यांचा नंबर तपासत होते. नांदेडला देगलूर नाक्याच्या अलीकडे आमचं चष्म्याचं दुकान आहे. अब्बांना उभं राहणं जमेनासं झाल्यापासून ते मीच बघते. फोन औशाहून होता, शिवलीलाच्या वडिलांचा. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही म्हणते. अप्पा स्वतःहून कधी फोन करत नसत, त्यामुळे त्यांचं नाव दिसताच मी हातातलं भिंग ठेवून फोन उचलला. "नाझिया बेटी, शिवलीला गेली," एवढंच म्हणाले. फोन मात्र ठेवला नाही. मागे कुणीतरी बाई रडत होती, कुठेतरी घागर ठेवल्याचा आवाज आला... समोरचे आजोबा तपासणीची चौकट डोळ्यांवर घालून तसेच बसले होते आणि भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं एकेक वाचून दाखवत होते. "आता दिसून राहिलं, आता बरं दिसून राहिलं," असं म्हणत होते.

औशाला पोचले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. लिंगायतांमध्ये माणूस गेलं की त्याला निजवत नाहीत, बसवतात. हे मला ऐकून ठाऊक होतं, पाहिलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. कपाळभर विभूती लावलेली शिवलीला भिंतीला पाठ टेकून मांडी घालून बसली होती. आजारात केस गेले होते, म्हणून कुणीतरी डोक्यावरून पदर नीट ओढून दिला होता. तिची मान किंचित पुढे झुकली होती. टीव्हीच्या पडद्यासमोर खेळायला बसली की ती अगदी अशीच बसायची. मला वाटलं, आता ती न बघताच हात मागे करील आणि म्हणेल, पाणी दे गं. मी बराच वेळ तिच्यासमोर बसून राहिले. आमच्यात मय्यताला आंघोळ घालून कफन चढवलं की निरोपाची तयारी मनात सुरू होते. इथे ती माझ्यासमोर बसलेली होती आणि बसलेल्या माणसाचा निरोप कसा घ्यायचा ते मला कळत नव्हतं.

आमची ओळख कशी झाली हे सांगायचं तर एका व्हिडिओ गेमबद्दल सांगावं लागेल. वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणाऱ्या बऱ्याच जणांना यात रस नसेल हे मला माहीत आहे. घरात मुलं खेळतात ते गोळीबाराचे खेळ तुमच्या डोळ्यांपुढे येतील. पण काही खेळ कादंबरीसारखे असतात. त्यात माणसं असतात, त्यांची घरं, त्यांची भांडणं असतात, आणि वाचणाऱ्याला कादंबरीत जे करता येत नाही ते इथे करता येतं, म्हणजे मधेच काही ठरवता येतं. माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी आखाती देशात गेला तेव्हा त्याचा टीव्हीला जोडून खेळायचा डबा घरी राहिला. दुकान बंद करून घरी आल्यावर मी तो लावायला लागले. तिकडे लातूरला शिवलीला एका खासगी शिकवणीत रसायनशास्त्र शिकवायची. दिवसभर पोरांच्या शंका सोडवून भाड्याच्या खोलीवर आली की तीही हेच करायची. आम्ही दोघी एकच खेळ खेळत होतो. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला 'वेढा' म्हणायचो.

गोष्ट अशी. एका डोंगरी शहराला शत्रूनं वेढा घातलाय, थंडी पडलीय, धान्य संपत आलंय. तुम्ही त्या शहराच्या फौजेतली एक तरुण शिपाई मुलगी असता. फौजेचा सेनापती होर्दान. उरलेलं धान्य त्यानं शिपायांसाठी राखून ठेवलंय, कारण शिपाई पडले तर शहर पडेल. आणि तिकडे गल्ल्यांमध्ये पोरं भुकेनं मरतायत. या होर्दानची सख्खी बहीण ताल्मा. वेशीच्या किल्ल्या तिच्याकडे असतात. एके दिवशी ती ठरवते की वेस उघडायची. शत्रूनं शब्द दिलाय की रयतेला हात लावणार नाही, पण शिपाई सोडणार नाही. म्हणजे वेस उघडली तर शहर जगेल आणि तिचा भाऊ मरेल. तुम्ही तिच्यासमोर उभे असता. तिला अडवायचं की बाजूला व्हायचं, हे तुम्ही ठरवायचं. दोन्हीकडे मढी पडतात. कोण बरोबर होतं ते खेळ शेवटपर्यंत सांगत नाही.

मी ताल्माला अडवलं. भाऊ तिच्यावर विसंबून तटावर उभा होता; त्याच्या पाठीमागे वेस उघडणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. खेळणाऱ्यांचा एक मोठा गट इंटरनेटवर होता. जगभरची माणसं तिथे ताल्मावरून भांडायची. तिथे एक जण मला चिकाटीनं उलट उत्तरं द्यायची. मी लिहिलं की भावाला विकणारी बाई आहे, की ही लिहिणार, तू भुकेलं पोर मांडीवर घेऊन बघितलंयस का. सगळं इंग्रजीत, सभ्य शब्दांत, पण झोंबणारं. असे काही महिने गेले. एकदा मी जरा जास्तच तावात काहीतरी लिहिलं, तेव्हा तिचं उत्तर इंग्रजी अक्षरांत पण आपल्या बोलीत आलं, 'लई शहाणी हाय ही.' चुकून आलं असावं, कारण लगेच पुसलंही गेलं. मी विचारलं, लातूरकडची का? ती म्हणाली, औशाची. मी म्हटलं, मी नांदेडची. त्यावर आलं, 'मग इंग्रजीत कशाला भांडून राहिलो आपण?'

त्यानंतर आम्ही मराठीत भांडलो. फोनवर, बसच्या थांब्यावर, ती नांदेडला माझ्या घरी यायची तेव्हा अम्मीच्या हातची बिर्याणी खाता खाता. ती शाकाहारी, तिच्यासाठी अम्मी वेगळ्या पातेल्यात बटाट्याची करायची. अम्मीला वाटायचं ही ताल्मा आमच्या ओळखीतली कुणी बाई आहे. एकदा तिनं विचारलंही, त्या बाईचं मिटलं का गं तिच्या भावाशी?

मग काही वर्षांनी खेळाचा दुसरा भाग आला. त्याची वाट आम्ही किती पाहिली ते सांगून कळणार नाही. आपापल्या घरी, फोन कानाला लावून, आम्ही तो एकाच वेळी सुरू केला. सुरुवातीलाच ताल्मा दिसली, म्हातारी झालेली, शत्रूच्या दरबारात, अंगावर उंची कपडे. पहिल्या भागात आपण काहीही ठरवलेलं असो, इथे तिनं वेस उघडली होतीच, आणि त्याआधी सोनं घेतलं होतं असं दाखवलं. तीच हसत हसत हे सांगते, आणि खेळणाऱ्याच्या हातून लगेच मारली जाते. होर्दानचा शहराच्या चौकात पुतळा उभारलेला होता. त्यानं धान्य दडवलं होतं याचा उल्लेखही नव्हता. मी त्या भांडणात जिंकले होते म्हणायचं. खेळ बनवणाऱ्यांनीच मला बरोबर ठरवलं होतं. पण मला आनंद होईना. फोनवर शिवलीला म्हणाली, "पैसे घेतले म्हटलं की झालं. आता कुणाला काई इचार करायची गरज न्हाई."

पुढचे कित्येक आठवडे ती धुमसत होती. गटावर तर रणकंदन माजलं. काही जण खूश होते, चोरटी शेवटी उघडी पडली म्हणून. काही जणांनी ताल्माची पूजाच बांधली; ती निष्पाप होती, बनवणाऱ्यांनी बदनामी केली, असं म्हणत त्यांनी बनवणाऱ्यांना घाणेरड्या शिव्या दिल्या. शिवलीलाचं दोन्हींशी पटेना. तिनं लांबलचक लेख लिहिले, शांतपणे, मुद्दे मांडून. मला ती देवी नको आहे, असं तिनं लिहिलं होतं. ताल्मानं केलं ते भयंकरच होतं, पण तिनं ते का केलं हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं, तुम्ही तिला बोलू न देता मारून टाकलंत. बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की पहिल्या भागामुळे खेळणाऱ्यांचा गोंधळ उडाला होता, म्हणून या वेळी आम्ही चित्र स्वच्छ केलं. ते वाचून शिवलीलानं मला फोन केला, तेव्हा ती रडत होती. गोंधळ हाच तर खरा होता, तोच त्यांनी काढून टाकला, असं ती म्हणत राहिली. मी तिला समजावत होते की अगं, खेळच आहे तो. पण मला तेव्हाच जाणवलं की एवढं रडणं खेळापुरतं नसतं.

ते काय होतं ते मला कंधारला कळलं. नांदेड आणि लातूरच्या मधे पडतं म्हणून आम्ही कधीमधी कंधारला भेटायचो. तो हिवाळ्यातला रविवार होता. किल्ल्यात फिरून झालं आणि आम्ही दरवाजाच्या सावलीत शेंगा खात बसलो. दगडी चौकटीकडे बघत ती म्हणाली की अशी वेस उघडणारा माणूस आमच्या घरात आहे. मग तिनं अप्पांची गोष्ट सांगितली. अप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांची मिळून डाळ मिल होती. परवाना, कागदपत्रं सगळं धाकट्याच्या नावावर, कारण धावपळ तो करायचा. एकदा तुरीच्या खोल कोठीत माल अडकला. लक्ष्मण नावाच्या हमालाला काकानं दोर न बांधता आत उतरवलं. अडकलेली तूर एकदम सुटली आणि लक्ष्मण तिच्यात बुडून गुदमरला. घरानं ठरवलं की तो पिऊन होता असं सांगायचं. सगळ्यांनी तसं सांगितलं. कोर्टात अप्पांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, तो प्यालेला नव्हता, माझ्या भावानं त्याला उतरवलं, मी तिथंच उभा होतो आणि मी थांबवलं नाही.

काकाला शिक्षा झाली. मिल बंद पडली. जी माणसं मिलवर जगत होती त्यांनीही अप्पांनाच बोल लावला. घराच्या मधोमध भिंत उठली. काका सुटून आला आणि भावाशी एक शब्द न बोलता काही वर्षांनी गेला. गावात बोललं जायचं की अप्पांनी दुसऱ्या मिलवाल्याकडून पैसे खाल्ले. शिवलीला तेव्हा शाळेत होती. पोरं तिला घरभेद्याची पोरगी म्हणायची. तिची आई त्याच सुमारास आजारी पडून गेली. घरात राहिले हे दोघं, बाप आणि लेक, आणि त्यांच्यात या विषयावर कधीही बोलणं झालं नाही.

मी विचारलं, "अप्पांना तू कधी इचारलंच न्हाईस?"

"न्हाई."

"पैशाचं बी?"

ती शेंगेचं टरफल हातात कुस्करत राहिली. मग म्हणाली, "घेतले म्हणाले तर काय करू? अन् घेतले न्हाई म्हणाले, तर इतकी वर्षं इचारलं का न्हाई म्हणून मला काय वाटंल?"

मी म्हटलं, "शिवलीला, त्या लोकांनी ताल्माला बोलू दिलं न्हाई म्हणून तू चिडून राहिलीस. तू तर बापाला बोलू दिलं न्हाईस."

ती उठून चालायलाच लागली. बसस्टँडपर्यंत ती माझ्या पुढेच चालत राहिली. तिची लातूरची गाडी आधी लागली. खिडकीत बसल्यावर तिनं नुसता हात वर केला... मला वाटलं, आपली मैत्री इथे संपली.

काही दिवसांनी तिचा फोन आला तो औशाहून. ती थेट अप्पांकडे गेली होती आणि जेवताना तिनं विचारलं होतं. अप्पांनी घास खाली ठेवला म्हणे. पैसे घेतले नव्हते. तसं विचारायची हिंमत गावात कुणी केली नाही, नाहीतर सांगितलं असतं, असं म्हणाले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. तिनं मला त्यांचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. "खरं बोललो ते खरंच हुतं, माय. पण मिल त्याच्या नावावर, मान त्याला, मी नुसता मागं उभा... त्याचाबी राग हुता माझ्या पोटात. कोर्टात लक्ष्मणसाठी बोललो का त्या रागासाठी, ते मला अजून ठरवता आलं न्हाई." हे सांगताना शिवलीला हसत होती आणि रडत होती. अप्पा एकदम साफ सुटले असते तर तिला इतकं हलकं वाटलं नसतं, असं मला आपलं वाटतं. "बघ," ती म्हणाली, "एवढंच लिवायचं हुतं त्यांना. एवढं एकच वाक्य तिच्या तोंडी द्यायचं हुतं."

त्यानंतरचं वर्ष तिचं चांगलं गेलं. दर शनिवारी ती औशाला जायची. बापलेक बोलायला लागले होते. फार नाही, पण बोलायचे. आणि मग तिला ताप यायला लागला. आधी साधा वाटला, थकव्यामुळे असेल म्हणून तिनं अंगावर काढला. रक्त तपासलं तेव्हा रक्ताचाच कर्करोग निघाला. उपचार झाले, केस गेले, मधे एकदा सगळं ठीक होतंय असंही वाटलं. शेवटी डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. ते ऐकून ती अप्पांना म्हणाली होती, खोलीवरचा टीव्ही अन् खेळायचा डबा तेवढा आठवणीनं आणा.

मी दर रविवारी औशाला जाऊ लागले. पुढच्या खोलीत तिची गादी घातली होती, समोर टीव्ही. तिनं 'वेढा' पहिल्यापासून सुरू केला होता. दुसरा भाग निघालाच नाही असं मी ठरवलंय, असं ती म्हणायची. अप्पा शेजारी बाजेवर बसून बघायचे. डाळ मिल चालवलेला माणूस. त्यांचं लक्ष लढाईपेक्षा कोठारांकडे असायचं. एवढ्या पोत्यांत एवढी माणसं किती दिवस निघतील याचा ते हिशेब करायचे आणि मान हलवायचे. होर्दाननं धान्य दडवलेलं दिसलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ह्याचंबी चुकलं म्हणता येत न्हाई."

वेशीचा प्रसंग आला त्या रविवारी मी तिथेच होते. ताल्मा किल्ल्या घेऊन उभी, शिपाई मुलगी तिच्यासमोर. शिवलीलाला आता फार वेळ बसवत नव्हतं. ती उशीला टेकून खेळत होती. तिनं अप्पांकडे बघितलं आणि विचारलं, "अप्पा, काय करू? अडवू का जाऊ देऊ?"

अप्पा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या भावाला आधी सांगायची सोय हाय का?"

शिवलीला म्हणाली, "न्हाई अप्पा. खेळात तशी सोय न्हाई."

"मग थांब जरा," म्हणत ते उठले. खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर गेले. शेजारच्या दाराची कडी वाजली. भिंतीपलीकडे काकू राहायच्या, काकाची बायको. भिंत उठल्यापासून ती कडी अप्पांनी कधी वाजवली नव्हती. शिवलीलानं टीव्हीचा आवाज बंद केला. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो. शब्द कळत नव्हते. आधी अप्पांचा आवाज आला, थांबत थांबत. मग काकूंचा, चढलेला, आणि त्यातच फुटलेला. अप्पा परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. ते येऊन पुन्हा बाजेवर बसले.

त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी काकू दारात आल्या. हातात अंबिलीचं भांडं होतं. माझ्याशी ओळख नव्हती तरी मलाच म्हणाल्या, वाटी आण गं बाई. शिवलीलाला त्यांनी आपल्या हातानं पाजलं. मग तिचं तोंड पुसत, कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "तुझ्या बापानं खरं सांगितलं ह्याचं मला काई न्हाई. लक्ष्मणची बायको माझ्याच उंबऱ्यावर पडून रडली हुती. पण कोर्टाच्या आदल्या दिशी दोघं भाऊ एका पंगतीला जेवले. मी वाढलं. अन् तुझ्या बापानं उद्या काय बोलणार ते सांगितलं न्हाई. ते माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई."

बाजेवरून अप्पा हळूच म्हणाले, "काल सांगितलं."

"सांगितलं, भावजी. ज्याला सांगायचं तो मातीत गेल्यावर सांगितलं."

त्यांनी माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्या दिवशीही. शिवलीलाचं डोकं मांडीवर घेऊन बसायच्या. त्यांचा मुलगा मल्लिकार्जुन आधी नुसता फाटकापर्यंत यायचा, मग आत येऊन औषधं कुठली आणायची ते विचारायला लागला. शिवलीलानं मला फोनवर सांगितलं की काकूंच्या हाताला अजून तसाच हळदीचा वास येतो, लहानपणी यायचा तसा. खेळ पुढे नेलास का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, राहू दे, अप्पा थांब म्हणालेत. खरं तर तिच्या बोटांत आता जोर राहिला नव्हता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आमचं शेवटचं बोलणं हेच.

तिला नेलं तेव्हा मल्लिकार्जुननं पुढचा खांदा दिला. अप्पा त्याच्या शेजारून चालत होते. मधेच त्यांचा तोल गेला तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं त्यांना सावरलं आणि तो हात जिथे तिला पुरायचं होतं त्या शेतापर्यंत सोडला नाही, असं मागाहून कळलं. बायका घराशी थांबल्या. मी काकूंच्या शेजारी उभी होते.

नांदेडला परतल्यावर मी गटावर ती गेल्याचं कळवलं. तिच्याशी वर्षानुवर्षं कडाडून भांडलेल्या माणसांनी कुठून कुठून लिहिलं. एकानं लिहिलं की मी आजवर ताल्माला नेहमी अडवलं, आज तुमच्या मैत्रिणीसाठी बाजूला झालो. मला ते वाचून भरून आलं, पण मला तसं करवणार नाही. आमचं ते भांडण मिटलं नव्हतं. ती असती तर तिलाही मी असं उगाच हार मानलेलं आवडलं नसतं. आजही दुकानातून येताना एखादा नवा मुद्दा सुचतो, हात फोनकडे जातो... आणि तसाच राहतो.

परवा औशाला जाऊन आले. दुपारची वेळ होती. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत गादी नव्हती, पण टीव्ही तिथेच होता आणि चालू होता. अप्पा बाजेवर, काकू खाली भिंतीला टेकून भाजी निवडत बसलेल्या. पडद्यावर बर्फ पडत होता. वेशीसमोर ती शिपाई मुलगी उभी होती, तिच्या तोंडातून वाफ निघत होती, मधूनच ती हातावर हात चोळत होती. खेळ तसाच सोडला की ती पोर तेवढंच करत राहते. टीव्ही आणि डबा चालू कसा करायचा एवढं शिवलीलानं अप्पांना शिकवून ठेवलं होतं; पुढचं त्यांना येत नाही. दुपारी ते लावतात आणि दोघं तिच्याकडे बघत बसतात. बोलतात का, ते मी विचारलं नाही.

काकू म्हणाल्या, "ती पोरगी कवाची गारठून राहिली गं. तिला आत नेता येत न्हाई का?"

मी अप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, "ने बेटी. पण वेशीचं दार उघडू नको."

मी डब्याचा कंट्रोलर उचलला. डाव्या अंगठ्याखालचं रबर एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालं होतं. शिवलीला अंगठा वाकडा धरायची. माझा अंगठा त्या जागी बसेना, मग मी तो तिच्यासारखा वाकडा धरला. वेशीच्या आतल्या बाजूला एक शेकोटी आहे, तिथे बसता येतं. मी त्या पोरीला हळूहळू तिकडे नेलं आणि बसवलं. ताल्मा किल्ल्या घेऊन मागे उभीच राहिली. पोरीनं हात जाळाकडे धरले. अप्पांनी आवाज थोडा वाढवला, लाकडं तडतडलेली ऐकू यायला लागली, आणि काकू भाजीचं ताट बाजूला सारून चहा टाकायला उठल्या.